एक प्रश्न जास्त विचारला गेला, म्हणून कोर्ट सोडावे का?

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी २७ वर्षांची आहे. वकिलीची सनद घेऊन अडीच वर्षे झाली आणि तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करते. ते महिना ६,००० रुपये देतात. दिवसाचा बहुतेक वेळ तारखा घेणे, नकला काढणे आणि मुदतीचे अर्ज देणे यांत जातो. पण साक्षीपुरावा सुरू झाला की मी जागची हलत नाही. गेल्या महिन्यात सर दुसऱ्या कोर्टात अडकले आणि कोयता जप्तीच्या पंचाचा, म्हणजे जप्तीच्या वेळी पोलिसांनी साक्षीला घेतलेल्या माणसाचा, उलटतपास मला घ्यावा लागला. पंचनाम्यावर सही पोलीस ठाण्यात केली, हे त्याने कबूल केले. तिथेच मी बसायला हवे होते. मी पुढे विचारले, "मग पंचनाम्यात काय लिहिले आहे, हे तुम्हाला कसे माहीत?" तो म्हणाला, "आरोपीने कोयता काढून दिला तेव्हा मी शेजारीच उभा होतो." त्या रात्री मला झोप लागली नाही; प्रश्नांचा क्रम बदलून बदलून मी पहाटेपर्यंत वहीत लिहीत बसले. पुण्यातील एका कंपनीच्या विधी विभागात महिना ४५,००० रुपयांची नोकरी मिळते आहे, ती घे, असे वडील म्हणतात. आई म्हणते, न्यायाधीशाची परीक्षा दे. मला सत्र खटले चालवायचे आहेत. ही ओढ खरी आहे की नुसती हौस?
– एक ज्युनिअर वकील

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि सवयीप्रमाणे साक्ष वाचावी तसे वाचले. 'ओढ' हा शब्द मी बाजूला ठेवला, कारण पक्षकार स्वतःविषयी जी विशेषणे वापरतो त्यांना पुराव्यात फारसे मोल नसते. पण पंचाचे उत्तर उलटल्यानंतर तुम्ही पहाटेपर्यंत प्रश्नांचा क्रम लावत बसलात, हे वाक्य मात्र मी पुराव्याच्या कागदासारखे निशाणी देऊन ठेवले आहे. भर कोर्टात फजिती झाली की बहुतेकांच्या लक्षात राहते ते सरकारी वकिलांचे हसू, न्यायाधीशांची वर झालेली भुवई आणि नंतरची बाररूममधली कुजबुज. तुमच्या पत्रात यातले काहीच नाही. त्यात प्रश्न आहे, उत्तर आहे आणि आपण कुठे थांबायला हवे होते याची अचूक जागा आहे. २९ वर्षे जिल्हा न्यायालयात खटले चालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, ज्याला हे काम मनापासून आवडते तो चुकल्यानंतर काय आठवतो यावरून ओळखू येतो. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते : कोर्ट सोडू नका, निदान पुढची साडेचार वर्षे तरी सोडू नका. साडेचारच का, ते पुढे येईल.

मात्र तुमची आवड नेमकी कशाची आहे, हे एकदा तपासून घ्यायला हवे. आमच्या पिढीतील अनेकांनी काळा कोट घातला तो वक्तृत्वाच्या मोहाने. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्युरीसमोर स्वतःची बाजू २१ तासांहून अधिक काळ मांडली, हे शाळेत ऐकून वकिली म्हणजे असेच काहीतरी असणार, असे मलाही वाटत होते. ती ज्युरी आता राहिली नाही. सत्र न्यायालयात तुमच्यासमोर एकटे न्यायाधीश असतात, त्यांच्या बोर्डावर त्या दिवशीची आणखी कितीतरी प्रकरणे असतात आणि त्यांना तुमच्या आवाजातील चढउतारापेक्षा 'साक्षीदार क्रमांक ४, उलटतपास, परिच्छेद ६' असे अचूक बोट ठेवून दाखवणारा वकील हवा असतो.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, तुम्ही जे बोलता ते बहुतांशी कागदावर उरतच नाही. साक्ष साधारणपणे प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता कथनाच्या रूपात लिहिली जाते. तुम्ही पाऊण तास खपून, चार बाजूंनी घेरून विचारलेला प्रश्न टंकलेखकाच्या हातून उतरतो तो असा : "हे म्हणणे खरे आहे की, मी पंचनाम्यावर पोलीस ठाण्यात सही केली." प्रश्न विरघळून जातो, वाक्य साक्षीदाराचे होते. आणि तुम्ही केलेली प्रत्येक जोरकस सूचना, म्हणजे कबूल करावे म्हणून त्याच्यापुढे ठेवलेले विधान, साक्षीदाराने नाकारली की "हे म्हणणे खरे नाही की..." या साच्यात जाऊन बसते. अशी नकारांची दोन पाने भरली म्हणजे उलटतपास जोरात झाला, असे पक्षकाराला वाटते. वरच्या न्यायालयात त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. साक्षीदार टाळाटाळ करत असेल तर तो प्रश्न आणि ते उत्तर शब्दशः लिहून घ्यावे, अशी विनंती न्यायाधीशांना करता येते आणि तसे लिहून घेण्याचा त्यांना अधिकार आहे. ही विनंती कधी करायची, हे कळायला मला सहा-सात वर्षे लागली. कोर्टाच्या कामाची आवड म्हणजे माझ्या मते या उरणाऱ्या वाक्यांची आवड. तासाभराच्या कामातून तीन ओळी हाती लागल्या आणि त्यावर संध्याकाळी समाधान वाटले, तर हा व्यवसाय तुमचा आहे. टाळ्यांची अपेक्षा असेल तर दुसरे व्यासपीठ शोधलेले बरे.

आता तुमच्या त्या एका जास्तीच्या प्रश्नाकडे वळते. 'कसे' आणि 'का' यांनी सुरू होणारा प्रश्न उलटतपासात साक्षीदाराला मोकळे रान देतो, हे तुम्हाला आता कोणी सांगायला नको. सही ठाण्यात झाली हे आल्यावर पंचनामा जागेवर लिहिला गेला नाही, हा निष्कर्ष युक्तिवादात तुम्ही काढायचा होता. तो साक्षीदाराच्या तोंडून वदवून घेण्याचा मोह झाला आणि त्याने संधी साधली. असे होते. माझ्याकडून याहून वाईट झाले आहे आणि ते सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देणे बरे दिसणार नाही.

सनदेच्या चौथ्या वर्षी मी एका मारहाणीच्या खटल्यात प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा उलटतपास घेतला. आरोपीच्या हातात काठी होती, असे तो कोर्टात सांगत होता. पोलिसांपुढच्या जबाबात काठीचा उल्लेखच नव्हता. मी तो जबाब त्याच्यासमोर ठेवला, "जबाबात हे का नाही, याचे कारण सांगता येणार नाही," असे उत्तर मिळवले आणि विजयी मुद्रेने खाली बसले. पोलिसांपुढच्या त्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि तो स्वतः पुरावा नसतो. बचाव पक्षाला त्याचा उपयोग साक्षीदाराला खोडण्यापुरताच होतो, आणि तोही पुढे तपासी अंमलदाराकडून ती विसंगती शाबीत करून घेतली तरच. महत्त्वाची गोष्ट जबाबात गाळली जाणे हेही विसंगतीइतकेच ठरू शकते, या विषयावर सर्वोच्च न्यायालयाचा तहसीलदार सिंह खटल्यातील १९५९ चा निकाल मी पाठ केला होता. पण तपासी अंमलदार साक्षीला आला त्या दिवशी मी त्याला पंचनाम्याच्या वेळेवरून, गाडीच्या नोंदीवरून, नकाशावरून हैराण केले आणि काठीचा तो एक प्रश्न विचारायचा राहून गेला. अंतिम युक्तिवादात सरकारी वकिलांनी शांतपणे ते दाखवून दिले. अंमलदाराला पुन्हा बोलावण्याचा अर्ज मी दिला, तो उशिराचे कारण देऊन फेटाळला गेला आणि त्यात न्यायाधीशांचे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही. माझ्या पक्षकाराला शिक्षा लागली. अपिलात दुसऱ्या मुद्द्यावर तो सुटला, पण मधले महिने त्याने तुरुंगात काढले. तेव्हापासून प्रत्येक खटल्यासाठी मी दोन रकान्यांची वही ठेवते : डावीकडे साक्षीदाराला काय विचारले, उजवीकडे ते कोणाकडून शाबीत करायचे. (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हा जबाब कलम १८० खाली येतो, १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली तरी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून आमच्या तोंडी अजून '१६१ चा जबाब' हेच बसले आहे. तुम्ही दोन्ही आकडे लक्षात ठेवा, कारण जुने खटले जुन्याच संहितेने चालू आहेत.)

तुमच्या पत्रात दिवाणी कामाचा उल्लेख नाही, हे मला खटकले. फौजदारी उलटतपासाची झिंग असलेल्या तरुण वकिलांना वाटणीचे आणि मनाई हुकुमाचे दावे कंटाळवाणे वाटतात. वास्तविक उलटतपासाचा हात बसतो तो तिथेच. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची मूळ साक्ष, शपथपत्रावर दाखल होतो, म्हणजे साक्षीदाराने काय म्हटले आहे ते तुम्हाला आधी मिळते, घरी नेऊन वाचता येते आणि तयारी करून उलटतपास घेता येतो. शिवाय चूक झाली तर कोणी तुरुंगात जात नाही. वीस वर्षे जमीन माझ्या वहिवाटीत आहे, असे शपथपत्रात लिहिणाऱ्याला एवढेच विचारून पाहा की, उत्तरेला कोणाचे शेत आहे, बांधावर कोणती झाडे आहेत, विहिरीवरची मोटार कोणाच्या नावावर आहे आणि गेल्या हंगामात ऊस कोणत्या कारखान्याला गेला. सातबाऱ्यावरच्या नोंदीविषयी कायदा ती खरी असल्याचे गृहीत धरतो, पण ते गृहीतक पुराव्याने मोडता येते, आणि ते मोडते अशाच साध्या प्रश्नांनी. साक्षीदाराला चिडवावे लागत नाही. त्याचा अपमान करण्याची तर मुळीच गरज नसते, आणि केवळ अपमान करण्यासाठी विचारलेला प्रश्न रोखणे हे न्यायाधीशांचे कर्तव्यच आहे. वर्षभरात निदान पाच दिवाणी दाव्यांत साक्षीपुराव्याला सरांबरोबर बसा.

पैशाविषयी वडिलांचे म्हणणे उडवून लावू नका. ६,००० रुपयांत घर चालत नाही, आणि बस, झेरॉक्स व चहा वजा जाता त्यातले काय उरते हे मला माहीत आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअर वकिलांना शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली आहे. ती बंधनकारक नाही, आणि परिपत्रक सरांच्या टेबलावर ठेवून तुम्ही काही साधाल असेही नाही. पण अडीच वर्षांनंतर वाढ मागणे किंवा स्वतःची लहान प्रकरणे त्याच कार्यालयातून चालवण्याची मोकळीक मागणे यात संकोच करू नये. वकिलाला विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत अध्यापन करण्याची नियमांनीच मुभा आहे. तुमच्या जिल्ह्यात असे महाविद्यालय असेल तर तासिका तत्त्वावर काम मिळते का, हे पाहा. यात कमीपणा कसला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, पण चरितार्थासाठी १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. आणि त्याच काळात, १९२६ मध्ये, पुण्याच्या सत्र न्यायालयात ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे अपील चालवून त्यांनी त्यांची शिक्षा रद्द करून घेतली.

कंपनीच्या नोकरीबद्दल घरात एक गोष्ट बोलली गेलेली दिसत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की वकिली करता येत नाही. तसे विधिज्ञ परिषदेला कळवून सनद स्थगित ठेवावी लागते, आणि त्या दिवसापासून तुमची वकिलीची वर्षे मोजायची थांबतात. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. तुमची अडीच झाली आहेत. म्हणजे आज पुण्याची नोकरी धरली, तर आईच्या मनातली परीक्षाही अवघे सहा महिने कमी पडल्यामुळे तुमच्या हातून हुकते. वडील आणि आई दोघांनाही एकत्र बसवून हे सांगा. तुम्हाला तेवढे सहा महिने तरी नक्की मिळतील आणि भांडणाशिवाय मिळतील.

परीक्षेविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. न्यायाधीशपद हे खटला चालवण्याच्या आवडीचे बक्षीस नसते; ते निराळे काम आहे. व्यासपीठावर बसल्यावर प्रश्न विचारण्यापेक्षा दोन्ही बाजूंचे ऐकून घेणे आणि लिहिणे हाच दिवस असतो, आणि ज्यांचे हात उलटतपासासाठी शिवशिवतात त्यांना पहिली काही वर्षे ते जड जाते. तुम्हाला लिहिण्यात आणि तोलण्यात आनंद वाटत असेल तर जरूर द्या. केवळ घरच्यांच्या समाधानासाठी द्यायची असेल, तर तिच्या अभ्यासाने तुमचे पुराव्याच्या कायद्याचे ज्ञान पक्के होईल, एवढाच लाभ धरून द्या.

आता त्या साडेचार वर्षांचा हिशेब सांगते. सात वर्षांची वकिली पूर्ण झाली की तुमच्यासमोर काही दारे एकदम उघडतात : सत्र न्यायालयातील सरकारी अभियोक्ता म्हणून नेमणुकीची पात्रता येते, आणि संविधानाच्या अनुच्छेद २३३ मधील जिल्हा न्यायाधीशपदाच्या थेट भरतीसाठी लागणारी वकिलीच्या वर्षांची अटही पूर्ण होते. तोवर सत्र खटल्यांचा अनुभव कुठून मिळवायचा, हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि त्याला एक उत्तर तुमच्याच न्यायालयाच्या आवारात असेल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे आता लोकअभिरक्षक कार्यालये आहेत. ही योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये आखली. ज्या आरोपींना वकील परवडत नाही त्यांचे फौजदारी खटले तिथले वकील ठरावीक मानधनावर पूर्णवेळ चालवतात, आणि सहायक लोकअभिरक्षक म्हणून कमी अनुभवाच्या वकिलांनाही घेतात. तिथे असताना खासगी प्रकरणे घेता येत नाहीत, हे लक्षात ठेवून अर्ज करा. पण एका वर्षात जितके साक्षीदार तुमच्या वाट्याला येतील तितके एखाद्या नामांकित वकिलांच्या कार्यालयात पाच वर्षांतही येणार नाहीत, असे मी खात्रीने सांगू शकते, कारण नामांकित वकील साक्षीदार दुसऱ्याला देत नाहीत. तुमचे सरही देत नाहीत. अडकले म्हणून त्यांनी दिला.

तरीही सरांकडे राहायचे ठरवलेत, तर उलटतपास मागू नका, टिपण द्या. पुढच्या साक्षीदाराच्या चार दिवस आधी त्याच्या जबाबातील विसंगती, गाळलेल्या गोष्टी आणि विचारायचे बारा प्रश्न एका कागदावर लिहून त्यांच्या फाइलमध्ये ठेवा. त्यांनी त्यातले चार विचारले की पुढच्या वेळी ते तुमच्याकडे वळून पाहतील. माझ्या सरांनी तब्बल चौदा महिने पाहिले नाही. त्या काळात पक्षकार माझ्या खांद्यावरून मागे डोकावून "मोठे वकील कधी येणार?" असे विचारत, स्त्री म्हणून तुम्हाला ते थोडे जास्तच ऐकावे लागेल आणि त्यावर माझ्याकडे काही तोडगा नाही. फौजदारी पक्षकार एकदा जामीन झाला की लिंगभेद विसरतो, एवढे मात्र अनुभवाने सांगते.

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची प्रकरणेही आता तिथे जातात. त्यामुळे तुमच्या वयाच्या अनेकांना खालचे कोर्ट सोडून तिकडे जाण्याची घाई झाली आहे. तुम्ही महिन्यातून एकदा जा, पण ऐकायला. फौजदारी अपील चालू असेल त्या दालनात मागे बसा आणि कुठल्यातरी तालुक्यात कोणीतरी घेतलेला उलटतपास वरती कसा वाचला जातो, ते पाहा. खाली गाजलेला प्रश्न तिथे अर्ध्या मिनिटात ओलांडला जातो आणि "सही पोलीस ठाण्यात केली" अशा एका ओळीवर दहा मिनिटे चर्चा होते. वडिलांनाही एकदा साक्षीपुराव्याच्या दिवशी तुमच्या कोर्टात आणून बसवा. न्यायालय खुले असते, परवानगी लागत नाही. मुलगी दिवसभर तारखाच घेते, असे त्यांना वाटत असण्याची शक्यता आहे.

शेवटी तुमच्या त्या खटल्याविषयी. तपासी अंमलदाराची साक्ष अजून व्हायची असणार, त्यामुळे पंचाच्या उत्तराने सगळे संपलेले नाही. पंच शेजारी उभा होता असे म्हणाला, पण सही ठाण्यातच केली, हेही त्याचेच वाक्य आहे आणि ते नोंदीवर आहे. पंचनाम्यात सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ असते. आरोपीला घेऊन पथक ठाण्यातून कधी निघाले आणि कधी परतले, याची नोंद स्टेशन डायरीत असायला हवी. कोयता मुद्देमालाच्या नोंदवहीत कधी चढला, तेही पाहता येते. या दोन नोंदी हजर करण्याचा अर्ज अंमलदाराच्या तारखेच्या आधी द्या, सरांना टिपण करून द्या, आणि वेळा जुळत नाहीत असे दिसले तर तिन्ही कागदांवरच्या वेळा त्याच्याकडून कबूल करून घेऊन खाली बसा. त्या का जुळत नाहीत, हे त्याला विचारू नका.